अभयारण्यातली संथ पायी फेरी: कमी चालून जास्त पाहण्याची रीत

अभयारण्यातून पायी फिरून आलेली माणसं पुष्कळदा हिरमुसलेली असतात. पाच-सहा किलोमीटर चाललो आणि काहीच दिसलं नाही, म्हणतात. जंगल रिकामं नव्हतं. चार माणसांचा गट बोलत-चालत येतो तेव्हा त्याची चाहूल त्याच्या कितीतरी पुढे पोहोचलेली असते. पाखरं झुडपात शिरतात, हरणं आडोशाला निश्चल उभी राहतात आणि गट त्यांच्या शेजारून निघून जातो. म्हणून या फेरीचा सगळा हिशेब एका गोष्टीवर बेतायचा: हातात जेवढा वेळ असेल त्यातला निम्मा थांबण्यासाठी राखून ठेवायचा. वाट किती लांबीची निवडायची, कपडे कोणते, पाणी किती, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

वाट आणि वेळ ठरवणं

डोंगरात चालण्याच्या वेळेचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. आजच्या मापात सांगायचं तर सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा हिशेब न थांबता चालणाऱ्याचा आहे. आपल्या फेरीसाठी या ठोकताळ्याने येणाऱ्या वेळेची तिप्पट धरावी. म्हणजे सपाट ४ किलोमीटरच्या वाटेला ठोकताळ्याने सुमारे ५० मिनिटं लागतात, तर आपण अडीच तास ठेवायचे. पहिल्या वेळी ३ ते ४ किलोमीटरपेक्षा लांब वाट घेऊच नये. वाट लांब असली की मनात सतत "अजून किती राहिलं" चालू राहतं, आणि थांबण्यावर पहिली कात्री लागते.

नकाशा उघडला की सर्वांत लांब वाट शोधण्यापेक्षा काठ शोधा. जिथे झाडी संपून गवताळ माळ सुरू होतो, जिथे दलदल कोरड्या जमिनीला भिडते, जिथे ओढा झाडीतून बाहेर पडतो, तिथे दोन्हीकडचे जीव येतात. चरायला उघडं आणि लपायला दाट, दोन्ही हाताशी असतं. एकसारख्या दाट जंगलातून जाणारी सुंदर वाट चालायला छान वाटते, पण तिथे नजर दहा-पंधरा मीटरच्या पुढे जात नाही. गोल फिरून मूळ जागी आणणारी वाट मिळाली तर उत्तम. नसेल तर त्याच वाटेने जाऊन परत येण्यात कमीपणा नाही, कारण परतताना उजेड दुसऱ्या बाजूने असतो आणि जाताना पाठीमागे राहिलेलं समोर येतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी अभयारण्याच्या कार्यालयाकडून चार गोष्टी पक्क्या करून घ्या: फाटक किती वाजता उघडतं, कोणती वाट विणीच्या हंगामामुळे बंद आहे, पायी जायला परवाना किंवा सोबत वाटाड्या लागतो का, आणि सध्या कुठल्या भागात मोठ्या प्राण्यांचा वावर आहे. काही देशांत राखीव क्षेत्रांमध्येही ठरावीक हंगामात शिकारीला परवानगी असते. तसं असेल तर त्या दिवसांत भडक केशरी जाकीट घालणं आवश्यक आहे. त्याने हरणं बुजतील ही भीती बाळगू नका, त्याचं कारण पुढे येईलच.

पहाट आणि संध्याकाळ हे सस्तन प्राण्यांचे तास. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांवर आला की दिव्याशिवाय वाट दिसू लागते. शक्य असेल तर तेव्हाच वाटेला लागावं आणि ऊन चढेपर्यंत पहिले दोन तास वापरून घ्यावेत. पाखरंही त्याच वेळी सर्वाधिक बोलतात. पण दुपारचे तास फुकट असं समजू नये. फुलपाखरं, चतुर, सरडे यांना अंग तापल्याशिवाय हालचाल जमत नाही, म्हणून ते ऊन आल्यावरच बाहेर पडतात. निवांत फिरायचं असेल आणि पहाटे उठणं जमत नसेल, तर दुपारची फेरी पाण्याच्या काठाने काढा आणि नजर गुडघ्याच्या उंचीवर ठेवा.

अंगावर काय, पाठीवर काय

बूट नवे नकोत. निदान आठ-दहा वेळा वापरलेले हवेत, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. उतारावर पाय पुढे सरकतो आणि जागा नसेल तर नख दुखावतं. पायमोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतो. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घ्या, एक जोड सॅकमध्ये जास्तीचा ठेवा.

कपड्यांच्या रंगाबद्दल खूप गैरसमज आहेत. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. त्यांना केशरी आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, निळा मात्र आपल्यापेक्षा ठळक दिसतो. त्यामुळे केशरी जाकीट त्यांना खटकत नाही आणि निळी जीन्स खटकू शकते. कपडे "झळझळीत पांढरे" करणाऱ्या साबणाच्या भुकटीत उजळपणा आणणारी द्रव्यं असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात, म्हणून फेरीचे कपडे साध्या साबणाने धुवावेत. पक्ष्यांना मात्र आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, तिथे मळकट मातकट रंगच बरे. पण रंगापेक्षा आवाजाचा प्रश्न मोठा. वाऱ्या-पावसाची नायलॉनची जाकिटं प्रत्येक पावलाला खसखसतात. कपडा विकत घेताना बाही बाहीवर घासून पाहा, आवाज आला तर तो कपडा पावसासाठी सॅकमध्ये राहू द्या.

पाणी माणशी तासाला अर्धा लिटर हे साधारण हवेतलं माप, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एकदम भरपूर पिण्यापेक्षा थोड्या-थोड्या वेळाने घोट घ्या, आणि तीन तासांपेक्षा जास्त घाम येणार असेल तर सोबत काहीतरी खारट असू द्या. नुसतं पाणीच पीत राहिल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकेदुखी, मळमळ सुरू होते. ती लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, म्हणून माणूस आणखी पाणी पितो आणि त्रास वाढतो. खाण्याच्या वस्तू घरूनच कागदातून काढून डब्यात भरा. प्लास्टिकच्या पुडीचा चुरचुर आवाज शांत रानात फार लांब जातो.

बाकी सामान थोडकं: शिट्टी, छोटी विजेरी, बारीक टोकाचा चिमटा, चिकटपट्टी, रुंद बँडेज, स्वतःची औषधं, नकाशा, वही आणि पेन्सिल. पेन ओल्या कागदावर लिहीत नाही. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि मग फोन विमान मोडवर टाका. सिग्नल कमी असलेल्या जागी फोन सतत मनोरा शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्याने खाली येते. घरच्या एका माणसाला वाटेचं नाव, गाडी कुठे लावली आहे ती जागा, परतण्याची वेळ आणि "अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कार्यालयाला कळव" हे चारही लिहून पाठवा. चौथी गोष्ट बहुतेक लोक सांगायची विसरतात, आणि खरी उपयोगी तीच पडते.

दुर्बीण: आधी घरी जुळवा

८ × ४२ ही दुर्बीण या कामाला सर्वांत सोयीची. पहिला आकडा किती पटीने मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतात. दुर्बिणीतून डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा तो व्यास. पहाटेच्या अंधुक उजेडात बाहुली साधारण तेवढी मोठी होते, म्हणून चित्र उजळ दिसतं. १० पटीची दुर्बीण मोहात पाडते, पण हाताचा कंपही १० पटीने दिसतो आणि दृष्टीचा आवाका अरुंद होतो.

जुळवणी दहा मिनिटांची आहे आणि बहुतेकांनी ती कधीच केलेली नसते. आधी दोन नळ्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी कडा आत दाबा, नसेल तर बाहेर काढा. मग तीस-चाळीस मीटरवरची एखादी पाटी निवडा. उजवं भिंग हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. आता डावं झाका, मधल्या चाकाला हात लावू नका, आणि उजव्या नळीवरची कडी फिरवून अक्षरं स्पष्ट करा. कडीची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा. यापुढे रानात फक्त मधलं चाक फिरवायचं. दोन्ही डोळ्यांची शक्ती क्वचितच सारखी असते, आणि ही कडी न जुळवल्यामुळेच तासाभरात डोकं धरतं.

पाखरू दिसलं की नजर त्याच्यावरून काढायची नाही. डोळे तिथेच रोखून दुर्बीण वर आणून डोळ्यांपुढे धरायची. बहुतेक जण आधी खाली दुर्बिणीकडे पाहतात, मग वर, आणि तोवर फांदी हरवलेली असते. घरच्या खिडकीतून पंचवीस-तीस वेळा सराव केला की हे अंगवळणी पडतं.

चालण्याची पद्धत

फाटकाजवळची पहिली दहा मिनिटं काही पाहण्याचा प्रयत्न करू नका. सॅकचे पट्टे घट्ट करा, किल्ल्या आणि नाणी रुमालात गुंडाळा, पाण्याच्या बाटलीचं टोपण वाजत असेल तर त्यात कापडाचा तुकडा घाला. मग उभ्या उभ्या श्वास शांत होऊ द्या.

पाऊल टाकताना आधी बाहेरची कड टेकवा, मग हळूच आतल्या बाजूकडे पाय गुंडाळत आणा आणि खाली काय आहे हे कळल्यावरच भार टाका. काटकी लागली तर पाऊल उचलून सरकवता येतं, कारण भार अजून मागच्या पायावर असतो. संपूर्ण वाट असं चालणं अशक्य आहे आणि गरजेचंही नाही. मळलेल्या मऊ वाटेवर साधं चाला. वळणाच्या, उंचवट्याच्या किंवा मोकळ्या जागेच्या आधीच्या वीस पावलांसाठी ही चाल राखून ठेवा.

एकसारख्या ठेक्यात बराच वेळ पडत राहणारी पावलं म्हणजे माणूस, हे रानातल्या जिवांना पाठ झालेलं असतं. चरणारा प्राणी कधी चार पावलं टाकतो, थांबतो, मग दोन टाकतो. तसंच करा: दहा-पंधरा पावलं, मग थांबा, मोजायचं असेल तर तीस श्वास. थांबण्याची जागाही निवडून घ्या. मोकळ्या वाटेच्या मधोमध उभं राहिलेलं माणूस लांबून दिसतं. खोडाला लागून किंवा झुडपापुढे उभं राहिलं की बाह्याकृती मोडते. उंचवट्यावर चढताना डोकं एकदम वर काढू नका. डोळे वर येतील इतकंच चढा, पलीकडचं पाहून घ्या, मगच पुढे जा.

थांबल्यावर नजर एका गोष्टीवर रोवण्याऐवजी सैल सोडा, डावी-उजवी बाजू एकाच वेळी दिसेल अशी. डोळ्यांच्या कडा रंगाला मंद पण हालचालीला तिखट असतात. पान हलण्याचा ठेका वाऱ्याशी जुळत नसेल तर तिथे काहीतरी आहे. प्राण्याचा अख्खा आकार शोधू नका. कानाचं टोक, उभ्या खोडांमधली एखादी आडवी रेघ, शेपटीची एक हालचाल शोधा. दोन्ही तळहात कानांमागे वाटीसारखे धरून हळूहळू वळा, आवाज कुठून येतो हे आश्चर्य वाटावं इतकं स्पष्ट होतं.

फेरीत एकदा तरी वीस मिनिटं बसा. पाणवठ्यापासून थोडं लांब, पाठीला टेका असलेली जागा. पहिली पाच मिनिटं रान आपल्याला सहन करत असतं. दहाव्या मिनिटाच्या आसपास आधी गप्प झालेली पाखरं पुन्हा बोलू लागतात, खारी खाली उतरतात. पंधराव्या मिनिटाला बहुतेक लोक कंटाळून उठतात, आणि नेमकी तीच वेळ थांबण्याची असते. डास असतील तर आधीच हात-मानेला औषध लावून बसा, कारण चापट मारण्याच्या एका हालचालीने सगळं पुन्हा शून्यावर येतं.

वारा

सस्तन प्राण्यांपुढे रंग, आवाज हे सगळं एकीकडे आणि वास एकीकडे. चिमूटभर कोरडी माती किंवा गवताचा चुरा खांद्याच्या उंचीवरून सोडा, तो ज्या बाजूला जाईल तिकडे तुमचा वास जातो. वारा तोंडावर घेऊन चालायचं. डोंगराळ भागात रात्रभर गार झालेली जड हवा उतारावरून खाली वाहते, आणि ऊन लागून उतार तापला की हीच दिशा उलटते. म्हणून शांत हवेच्या दिवशी पहाटे चढायचं आणि ऊन वर आल्यावर उतरायचं, म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा वारा समोरून मिळतो. सूर्य पाठीशी आणि वारा समोर असं नेहमी जमत नाही. पक्षी पाहायचे असतील तर सूर्याला मान द्या, बाकी वेळी वाऱ्याला.

सुगंधी तेल, अत्तर, वासाचा साबण त्या सकाळी टाळा.

किती जवळ

हात पूर्ण लांब करा, एक डोळा मिटा, अंगठा प्राण्यावर धरा. अंगठ्याच्या आड तो पूर्ण झाकला गेला नाही तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. हा अंदाज सगळीकडे चालतो, मात्र अभयारण्याने अंतर ठरवून दिलं असेल तर तेच पाळायचं.

अंतरापेक्षाही विश्वासाची खूण म्हणजे प्राण्याचं वागणं. तो चरत असताना तुम्ही आलात आणि चरतच राहिला, तर ठीक. चरणं थांबवून मान वर केली, तर पहिली सूचना, जागच्या जागी थांबा. कान तुमच्याकडे रोखले, खूर आपटला, नाकातून आवाज काढला, तर तुम्ही आधीच मर्यादा ओलांडली आहे. पळून गेला, तर त्याने जमवलेली ताकद तुमच्यासाठी खर्च झाली. हिवाळ्यात किंवा विणीच्या दिवसांत अशा रोजच्या धावाधावीचा भार मोठा असतो. मोठा प्राणी अचानक समोर आला तर पळू नका, पाठ फिरवू नका. हळू मागे या आणि त्याला निघून जायला मोकळी बाजू ठेवा.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली किंवा एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा जमिनीवर फडफडत पुढे जाऊ लागला, तर जवळपास जमिनीवर अंडी किंवा पिल्लं आहेत. तिथल्या तिथे थांबा. खडकांच्या रंगाची ठिपकेदार अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पायाजवळची जमीन पाहत, आलात त्याच पावलांवरून मागे जा. पक्ष्याच्या मागे जाऊ नका, घरटंही शोधू नका. तुम्ही जितका वेळ तिथे उभे राहाल तितका वेळ अंडी उन्हात उघडी राहतात. एकटं दिसणारं पाडस किंवा जमिनीवर बसलेलं पिसं फुटलेलं पिल्लू बहुतेक वेळा सोडून दिलेलं नसतं. आई जवळपास असते आणि तुमच्या जाण्याची वाट बघत असते. उचलू नका.

फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावण्याचा मोह होतो. तो पक्षी खाणं, पिल्लं सोडून आपल्या हद्दीत शिरलेल्या शत्रूला हाकलायला येतो. एका छायाचित्रासाठी ही किंमत फार आहे.

जमिनीवरचं लिखाण

प्राणी दिसले नाहीत तरी ओल्या मातीत ते गेल्याचं कळतं. कुत्र्याच्या कुळातल्या ठशात पुढे नखांच्या टोचण्या दिसतात. मांजराच्या कुळात नखं आत ओढलेली असतात, म्हणून बहुधा दिसत नाहीत, आणि मागच्या गादीच्या खालच्या कडेला तीन उंचवटे असतात. सशाच्या ठशांत मागचे मोठे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडलेले असतात, कारण उडी मारताना ते पुढे येतात. ठसा पाहताना तो तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असं उभं राहा. तिरप्या उजेडात कडांच्या सावल्या तुमच्याकडे पडतात आणि ठसा उठून दिसतो. भर दुपारी तोच ठसा सापडत नाही. शेजारी पेन्सिल ठेवून फोटो घ्या, नाहीतर घरी आकाराचा अंदाज येत नाही.

जे बिघडतं ते

पायाला गरम झाल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी बसा आणि चिकटपट्टी लावा. "पुढच्या थांब्याला बघू" म्हटलं की फोड आलेलाच असतो.

गोचिडींसाठी विजारीचे पाय मोज्यात खोचा आणि वाटेकडेच्या गवताला घासत चालू नका. गोचीड उडी मारत नाही, गवताच्या टोकावर पाय पसरून वाट पाहते. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. पिळू नका, तेल किंवा जळती काडी लावू नका. त्याने ती पोटातलं जखमेत ओकण्याची भीती असते. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा चट्टा आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

आडव्या ओंडक्यावरून थेट पलीकडे पाऊल टाकू नका. आधी ओंडक्यावर चढा, पलीकडे पाहा, मग उतरा, कारण साप त्याच सावलीत बसतो. दंश झालाच तर चिरा पाडणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठ्या, घड्याळ काढा, तो अवयव स्थिर ठेवा आणि दवाखाना गाठा.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर माळ, पाण्याचा काठ आणि एकाकी उंच झाड सोडून गाडी किंवा पक्की इमारत गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.

उन्हाने डोकं दुखून मळमळू लागलं तर सावली, पाणी, विश्रांती. पण माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा चालताना झोकांड्या देऊ लागला तर तो उष्माघात आहे. मदत बोलवा आणि वाट न बघता अंगावर पाणी ओतून वारा घाला.

वाट चुकल्याची शंका आली की पहिलं काम खाली बसणं. चालत राहिल्याने शंका जात नाही, अंतर वाढतं. शेवटची खात्रीची खूण आठवा आणि तिथपर्यंत सापडत असेल तरच परत जा. नाहीतर तिथेच राहून शिट्टीचे तीन दीर्घ आवाज द्या, मिनिटभर थांबा, पुन्हा द्या.

गाडीजवळ आल्यावर

बसण्याआधी गुडघ्यांमागे, जांघेत, काखेत, कानांमागे आणि केसांच्या कडेला गोचिडी तपासा. पाहिलेलं लगेच लिहा: वेळ, जागा, वारा, प्राणी काय करत होता. नाव माहीत नसेल तर आकार, चोच, चालण्याची ढब लिहा, नाव नंतर सापडतं. मग बुटांच्या तळव्यातला चिखल आणि मोज्यांना चिकटलेली कुसळं तिथेच ब्रशने झाडा. एका रानातलं तण बहुधा असंच बुटांवर बसून दुसऱ्या रानात पोहोचतं, म्हणून पुढच्या अभयारण्याच्या फाटकावर पाऊल ठेवण्याआधीही तळवे पुन्हा एकदा पाहा.